सभागृहातल्या नंबरच्या घागरी

परवा नगरपालिकेचा माणूस घरी येऊन गेला. म्हणे, भीमनगरच्या चौकाला केवळाबाईंचं नाव द्यायचं चाललंय, तुम्ही जुने कारकून, पानभर माहिती लिहून द्या. मी आधी विचारलं, "नाव देताय, ठीक आहे. पण त्या चौकातलं काढून काय नेताय?" तो हसला. मी हसलो नाही. तेहतीस वर्षं मी त्या दफ्तरात काढलीत. नगरपालिका कुणाच्या गळ्यात हार घालायला निघाली की मी त्या माणसाच्या पाठीमागं काय आहे ते बघतो. ही नजर मला केवळाबाईनं दिली, म्हणून तिच्याविषयी लिहितो.

अहमदपूरहून नांदेडकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव. केवळाबाई शिरूर अनंतपाळच्या बाजूची, लग्न होऊन भीमनगरात आली. नवरा नांदेडला गिरणीत गेला आणि तिथंच आजारानं वारला. मागं एक मुलगी, पंचशीला. बाई काटक, उंच, आणि स्वभावानं शंकेखोर. कुणी रामराम केला तरी आधी त्याचे हात बघायची. तिचं बोलणं सुरूच व्हायचं प्रश्नानं. "कशापायी?" हा तिचा आवडता शब्द. लोक तिला मागं हसत. मीही हसायचो.

पण तिचं तसं असणं उगाच नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात गावच्या विहिरीवर भीमनगरच्या लोकांना पोहरा टाकू देत नव्हते, म्हणून वस्तीनं गायरानात स्वतःचा आड खणायला घेतला. खड्डा दोन पुरुष खोल गेला होता. तेवढ्यात गावातला एक पुढारी आला, म्हणाला, परवानगीचा अर्ज करू, कोऱ्या कागदावर अंगठे द्या. केवळाबाईच्या सासऱ्यानं पहिला अंगठा दिला. महिन्यानं त्याच कागदावर मजकूर निघाला की ही जागा आम्ही राजीखुशीनं सोडली. खणलेला खड्डा गेला. मग वस्तीनं आपल्याच अंगणांच्या मधोमध दुसरा आड खणला. दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि आल्यावर आडात उतरायचं, असं तीन महिने. त्याला जिवंत झरा लागला.

लातूर जिल्हा नवा होऊन चार वर्षं झाली आणि पुन्हा पावसानं दगा दिला. एक वर्ष, दुसरं, तिसरं. तळ्याचा तळ भेगाळला, नळाला हवा यायची. गावात एकच पाणी उरलं, भीमनगरच्या आडातलं. मग काय, ज्यांच्या सासवांनी या लोकांच्या सावलीचा विटाळ मानला, त्यांच्या सुना या आडावर येऊन उभ्या राहिल्या. माझी उमाबाईही त्यांत होती. मी मुकाट्यानं घरात बसलो होतो. तोवर मी तिला 'केवळे' म्हणायचो. बायको रांगेत उभी राहिली त्या दिवसापासून 'केवळाबाई, तुम्ही' म्हणायला लागलो. लाज वाटते सांगायला, पण असंच झालं.

तिनं कुणाला नाही म्हटलं नाही. घरटी दोन घागरी, मग घर पाटलाचं असो की झाडूवाल्याचं. आड दिवसातून दोनदा भरायचा, सकाळी आणि दुपारी एकला. तोवर बाया उन्हात किती थांबणार? म्हणून रिकाम्या घागरी रांगेत ठेवून कामाला जायचं. घागर आहे म्हणजे बाई आहे. नंबरच्या घागरीला कुणी हात लावायचा नाही. एकदा एकीनं दुसरीची घागर मागं सारली, तर बायांनी चार दिवस तिच्याशी अवाक्षर काढलं नाही. पाण्याचं राहू द्या, बोलणंच बंद झालं म्हणून ती रडत माफी मागायला आली.

आता मुद्द्यावर येतो. आमचे अध्यक्ष व्यंकटराव यांनी एक दिवस मला बोलावलं. "विरूपाक्ष, गुरुवारच्या सभेला पहिला विषय लिही. केवळाबाईंचा जाहीर सत्कार. शाल, श्रीफळ. आणि चौथा विषय, भीमनगरचा आड ताब्यात घेऊन मोटार बसवणे."

मोटार लातूरहून मिळणार होती, टंचाईच्या योजनेत. पण तिथल्या साहेबांची अट होती की आडवाल्यांची संमती सभेत, आपल्यासमोर झाली पाहिजे. मला सगळं कळलं. आमच्याकडं सभा मागून आणि तिचा वृत्तांत आधीच लिहून तयार, अशी जुनी रीत. व्यंकटरावांनी सांगितलं तसं मी लिहून ठेवलं: 'सत्कारास उत्तर देताना केवळाबाईंनी आड नगरपालिकेस स्वखुशीने अर्पण केल्याचे जाहीर केले. सभेने टाळ्या वाजवून आभार मानले.' टाळ्यासुद्धा आधीच वाजवून झाल्या. पाइप कुठून जाणार ते मी नकाशात पाहिलं होतं. आधी व्यंकटरावांची गल्ली, मग बाजार. मोटार लागली असती तर तो झरा पंधरा दिवसांत आटला असता, आणि भीमनगराला परत कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागलं असतं. हे ठाऊक असून मी लिहिलं. नोकरी होती, पोरं लहान होती. कारणं काय, शोधली की सापडतात.

निमंत्रण घेऊन मीच आडावर गेलो.

"सत्कार? कशापायी?" केवळाबाईनं विचारलं.

"तुम्ही गावाला पाणी दिलंत म्हणून."

"पानी तर मी दीड वर्षापासून देऊन राहिले. आजच कसं दिसलं?"

"सभेचा निर्णय आहे."

"अजून सभा व्हायचीय ना?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पानी कुठंतरी मुरून राहिलंय, आप्पा. शाल किती वाराची हाय ते न्हाई विचारत मी. तिच्याखाली काय झाकलंय ते सांगा."

मी सांगितलं नाही. अकरा वाजता या, एवढंच म्हणून निघालो. पाठीला तिची नजर लागलेली कळत होती.

गुरुवारी ती अकराला आली, पण एकटी नाही. आडाचं पाणी पिणाऱ्या गल्ल्यागल्ल्यांतल्या पन्नासभर बाया बरोबर. प्रत्येकीच्या कमरेवर एक रिकामी घागर. "सत्कार आडाचा हाय, मंग आडावरच्या समद्या आल्या," ती म्हणाली. बाया सभागृहात खाली बसल्या. लातूरचे साहेब काही आले नाहीत. बारा वाजले, साडेबारा झाले. एकला आड भरतो. केवळाबाई उठली, बायांशी काहीतरी बोलली, आणि दारापासून टेबलापर्यंत घागरी ओळीनं मांडल्या गेल्या. तिची स्वतःची घागर तिनं सत्काराच्या खुर्चीत ठेवली. पितळी, पोचे आलेली, बिननावाची.

"एक घागर हितं, एक आडावर," ती मला म्हणाली. "आमचा नंबर लागलेला हाय. आम्ही बसल्यावानीच समजा."

आणि सगळ्या निघून गेल्या.

साहेब तीनला आले. तरुण, परगावचा माणूस. दारातच थबकले. व्यंकटरावांनी शिपाई पंढरीला फर्मावलं, "हे सगळं उचल, बाहेर ठेव."

पंढरी जागचा हलला नाही. "मालक, नंबरच्या हायत. माझ्या बायकोला उद्या आडावर जायचंय."

व्यंकटरावांनी सदस्यांकडं बघितलं. अठरा सदस्य, सगळे आपापल्या चपला बघत होते. ज्याच्या त्याच्या घरचं पाणी त्या आडाचं, कोण हात लावणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून, एवढं तर नगरसेवकालाही कळतं.

शेवटी व्यंकटराव स्वतःच वाकले. पहिली घागर तांब्याची होती, लखलखीत. लग्नातल्या भांड्यांवर नावं घालतात तसं तिच्यावर नाव होतं. साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं: "सौ. पार्वतीबाई व्यंकटराव यांस माहेरची भेट." व्यंकटरावांना वाटत होतं, घरात टँकरचं पाणी येतं. ते तसेच वाकलेले राहिले. त्यांना सरळ व्हायला बराच वेळ लागला.

साहेबांना गंमत वाटली असावी. ते मला म्हणाले, "कारकून, हजेरी घ्या." मी घागरींवरची नावं वाचत गेलो. धुरपताबाई. कस्तुराबाई. सिंधु. सातवी घागर माझ्याच घरची निघाली. 'उमा' हे नाव मीच लातूरच्या कासाराकडून घालून आणलं होतं. माझी बायको घरातून घागर घेऊन सभेला आली आणि मला एका शब्दानं बोलली नव्हती. तिलाही माझा भरवसा नव्हता.

व्यंकटराव मोठे चिवट. घसा खाकरून म्हणाले, "बाईंना काम निघालं, हरकत नाही. सत्कार होऊ द्या." आणि शाल उघडून त्यांनी खुर्चीतल्या त्या पोचे आलेल्या घागरीला पांघरली. नारळ शेजारी ठेवला. दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या.

"छान," साहेब म्हणाले. "आता सत्काराला उत्तर?"

माझ्या पिशवीत ते उत्तर आधीच लिहून तयार होतं. व्यंकटराव माझ्याकडं बघत होते. मी खिडकीबाहेर बघितलं.

"उत्तर मिळालं की लातूरला नक्कल पाठवा," असं म्हणून साहेब जीपमध्ये बसले. चौथा विषय राहिला.

मी आधीचा कागद फाडला आणि वृत्तांत नव्यानं, झाला तसा लिहिला. विषय चार, संमतीअभावी स्थगित. खाली सह्या घेतल्या. मला वाटलं, आपण मोठं काम केलं. छाती जरा फुगलीच.

दुसऱ्या दिवशी बाया घागरी न्यायला आल्या. केवळाबाई पुढं. तिच्याबरोबर पंचशीला, नांदेडच्या कॉलेजात शिकत होती, सुटीला आलेली.

"आधी वही," केवळाबाई म्हणाली. "मंग घागरी."

मी ऐटीत वही पुढं केली. पंचशीलानं अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. मी केवळाबाईच्या तोंडाकडं बघत होतो. आता ती मला भला माणूस म्हणेल अशी आशा होती.

"मजकूर कुठं सरला?" तिनं मुलीला विचारलं.

"हितं."

"आन् सह्या कुठं हायत?"

"त्या खाली."

"मधी काय हाय?"

"काही न्हाई. कोरं हाय."

केवळाबाईनं आपला हात त्या कोऱ्या जागेवर आडवा ठेवला. खडी फोडून रुंद झालेली बोटं. नेमकी चार बोटं मावली.

"चार बोटं," ती म्हणाली. "चार बोटांत आख्खा आड मावतो, आप्पा. माझ्या सासऱ्याचा मावला व्हता."

सवयीनं जागा सुटली, असं मी म्हणणार होतो. तोंड उघडलंही. पण खरं ते नव्हतं. आदल्या दिवशी जिना उतरताना व्यंकटराव माझ्या कानाशी म्हणाले होते, "खाली चार ओळी सोड. नव्या जिल्ह्यात साहेब टिकत नाहीत. हा गेला की बघू." आणि मी हो म्हटलं होतं. ते मी तिथंच, सगळ्या बायांसमोर सांगून टाकलं. उमाबाई रांगेत सातवी उभी होती.

केवळाबाई रागावली नाही. तिला नवल वाटलंच नव्हतं. तिनं टेबलावरचा टाक उचलून माझ्या हातात दिला. मी त्या कोऱ्या जागेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी रेघ मारली. पंचशीलानं रेघ तपासली आणि मान डोलावली.

मग केवळाबाईनं खुर्चीतल्या घागरीवरची शाल काढली, पिळा देऊन तिची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि वर घागर चढवली. दारात ती वळली.

"बसून काय राहिलात?" मला म्हणाली. "उचला उमाबाईची घागर. सातवा नंबर हाय तुमचा."