रंगीची ओढणी आणि दोन चिन-अप

"मॅडम, हात सुटला!"

रेश्मा बारवरून खाली वाळूत उतरली आणि तिथेच उकिडवी बसली. तिची हनुवटी बारपासून चांगली वीतभर खाली राहिली होती. आधीच्या आठवड्यात हेच अंतर चार बोटांचे होते. म्हणजे आमची प्रगती उलट्या दिशेने चालली होती.

आमच्या अकॅडमीचे मालक, निवृत्त सुभेदार साहेब, गळ्यातल्या शिट्टीशी चाळा करत जवळ आले.

"मॅडम, एक सांगू का? हिला बीम जमायचं न्हाय. पळायला वाघीण हाय, मान्य. पर बीम म्हंजी खांद्याचं काम हाय."

"साहेब, हिचा खांदा हरलेला नाही. पकड हरली."

"त्ये एकच की ओ."

"एकच असते, तर इलाजही एकच असता."

ही गोष्ट बारामतीबाहेरच्या एका भरती अकॅडमीतली आहे. सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले तिथे येतात. व्यायामशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मी तिथे स्ट्रेंग्थ कोच म्हणून लागले. वडगाव निंबाळकरची रेश्मा मात्र पोलिसात जाणार नव्हती. इंदापूरजवळच्या एका कंपनीच्या अग्निशमन पथकाची लेखी परीक्षा ती पास झाली होती. शारीरिक चाचणी दिवाळीनंतर होती, आणि त्यात दोन पूर्ण चिन-अप सक्तीचे होते, पुरुष असो वा स्त्री. स्वतःला भिंतीवर ओढता येत नसेल, तर आगीतून दुसऱ्याला काय ओढणार, असा त्यामागचा विचार. तो मला मान्य होता आणि रेश्मालाही. दोन निघाले तर नोकरी, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराची. मधला मार्ग नव्हता.

मैदानावर सगळ्यालाच 'बीम मारणे' म्हणतात, पण त्यात दोन प्रकार आहेत. तळवे समोर करून बार धरला तर पुल-अप. तळवे स्वतःकडे करून धरला तर चिन-अप. चिन-अपमध्ये दंडाच्या स्नायूची मदत अधिक मिळते, म्हणून नवशिक्याला तो थोडा सोपा जातो. थोडाच. ज्याला एकही जमत नाही, त्याला 'रोज लटकत राहा, जमेल' असे सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला रोज विहिरीत ढकलणे आहे. आमच्या अकॅडमीत हेच चालत असे. मुले पाय झाडत, झटके देत वर जात आणि मोजणारा डोळे मिटून मोजत असे.

मी रेश्माला उलट टोकाने सुरुवात करून दिली. स्टुलावर चढायचे, हनुवटी बारच्या वर ठेवायची, पाय सोडायचे आणि शक्य तितके सावकाश खाली यायचे. याला निगेटिव्ह म्हणतात. स्नायू वजन उचलण्यापेक्षा वजन रोखत खाली सोडण्यात अधिक बळकट असतो, म्हणून जिथे चढणे अशक्य तिथे उतरणे शक्य असते. त्याआधी नुसते लटकून खांद्याची पाती खाली ओढायला शिकवले. नंतर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी बारला बांधली. तिच्यात पाय ठेवला की रबर थोडे वजन पेलते. आणि हे सगळे एक दिवसाआड.

"एक दिवसाआड?" सुभेदार साहेब म्हणाले होते. "फौजेत एक दिवसाआड जेवाय घालत्यात का?"

"जेवण रोज, साहेब. ताकद विश्रांतीत वाढते."

"मग झोपल्यालं समदं पैलवान व्हायला पायजेत."

सुरुवातीला आलेख सरळ चढला. रबराच्या पट्ट्या पातळ होत गेल्या, म्हणजे मदत कमी होत गेली. मग अचानक थांबला, आणि घसरू लागला. मी आहार तपासला, झोप विचारली, वजन पाहिले. सगळे ठीक. एकच गोष्ट विचित्र होती. एका सोमवारी तिने पट्टीशिवाय जवळजवळ पूर्ण चिन-अप काढला आणि बुधवारी पुन्हा वीतभर खाली.

शुक्रवारी ती आल्याआल्या मी विचारले, "रविवारी कुठे होतीस?"

"मामाकडं. इंदापूरला. तिथनंच थेट आले."

"तिथे काय वेगळे केलेस?"

"काहीच न्हाय मॅडम. आयतं खाल्लं."

काहीच नाही, हेच उत्तर होते. मी तिचा हात हातात घेतला. कोपराखालचा स्नायू दाबल्यावर ती दचकली. सकाळची वेळ, अजून व्यायामही सुरू झाला नव्हता, आणि हात दगडासारखा झालेला.

"रेश्मा, इथे येण्याआधी तू घरी काय करतेस?"

"काय न्हाय. झाडलोट, धारा."

"किती धारा?"

"चार म्हशी. गायींना मशीन हाय. म्हशी मशीनला उभ्या ऱ्हात न्हाईत."

चार म्हशींची हाताने धार काढून, एसटीने बारामतीला येऊन ही मुलगी माझ्या बारला लटकत होती. मूठ आवळणारे स्नायू दोन्ही कामांना तेच. पट्टी जाड होती तोवर हे झाकले गेले, वजन हातावर आले तसे उघडे पडले. मी शिळी पकड मोजत होते आणि कारण आहारात, झोपेत शोधत होते.

त्याच संध्याकाळी मी वडगावला गेले. रेश्माचे वडील, सगळे त्यांना तात्या म्हणतात, गोठ्यासमोर पेंड भिजवत होते. मी सरळ मुद्द्यावर आले. चाचणीपर्यंत सकाळची धार दुसऱ्या कुणीतरी काढायची.

"मॅडम, मी काढीन की. माझं हात काय मोडल्यात व्हय? पर रंगीला कोण सांगंल?"

रंगी म्हणजे त्यांची सर्वात दुधाळ म्हैस. बाकी तिघी कुणालाही दूध देत. रंगी मात्र रेश्माच्या हाताशिवाय पान्हा सोडत नसे, म्हणजे दूध कासेतच रोखून धरी. रेश्माच्या आईच्या मनगटाचे ऑपरेशन झाल्यापासून रंगीला हाच एक हात ठाऊक होता. रेश्मा मामाकडे गेली त्या दिवशी तिने थेंबही दिला नव्हता.

"मग तिलाही हळूहळू सवय लावू," मी म्हणाले.

"तिलाबी रबराची पट्टी बांधताय का?"

आतून रेश्माची आई म्हणाली, "तिची ओढणी घ्या की डोस्क्यावर. माझ्या सासूबाई आजारी पडल्या तवा मी त्यांचंच लुगडं पांघरून बसायची."

तात्यांनी चारी बाजूंना पाहिले. शेजारच्या गोठ्यात कुणी नव्हते. मग लेकीची गुलाबी ओढणी डोक्यावरून घेऊन ते रंगीच्या कासेशी बसले. रंगीने मान वळवून वास घेतला, एक लाथ झाडली. बादली सावरत तात्या म्हणाले, "अगं बाई, मीच हाय रेश्मा!" रेश्मा हसून हसून भिंतीला टेकली. त्या दिवशी दूध जेमतेम बादलीच्या बुडाला लागले. आठवड्याभरात रंगीने अर्धे सोडले. मग सगळे.

इकडे बारवर पकड ताजी होऊन येऊ लागली. आलेख पुन्हा चढला. एका सकाळी पट्टी न बांधता, पाय न झाडता, रेश्माची हनुवटी बारच्या वर गेली. तिने तिथे थांबून समोरच्या उसाकडे पाहिले आणि सावकाश खाली आली. मुलांनी शिट्ट्या मारल्या. सुभेदार साहेब म्हणाले, "मोजू का? का अजून शास्त्र बाकी हाय?"

होते. मी कंपनीला फोन करून चाचणीचा क्रम विचारला. आधी वाळूच्या बादल्या घेऊन धावायचे, लगेच चिन-अप. म्हणजे तिथे पकड थकलेलीच असणार. ताज्या हाताची ताकद तिथे पुरेशी नव्हती.

मी पुन्हा वडगावला गेले.

"तात्या, आता रंगीची सकाळची धार रेश्माला परत द्या. फक्त रंगीची."

ओढणी खांद्यावर तशीच ठेवून तात्या माझ्याकडे वळले. "अवो मॅडम, आत्ता कुठं ती मला पान्हवाया लागली! आधी म्हणं सोड, आता म्हणं धर. तुमचं शास्त्र ठरल्यालं हाय का न्हाय?"

"ठरलेले आहे. ताकद आणताना थकवा नको होता. आता ती थकव्यात वापरायला शिकायची आहे."

"आन् रंगीनं ठरवलं तर?"

रंगीने तक्रार केली नाही. सकाळी रेश्मा, संध्याकाळी तात्या. आधी एका म्हशीनंतर एक चिन-अप, मग दोन म्हशींनंतर. दुसरा चिन-अप मात्र थकलेल्या हाताने एकदाही पूर्ण निघाला नाही, आणि चाचणीचा दिवस उजाडला.

कंपनीच्या कुंपणाबाहेर आम्ही तिघे उभे होतो. सुभेदार साहेब, तात्या आणि मी. रेश्माने बादल्या ठेवल्या, तळवे पँटला पुसले आणि बार धरला. पहिला स्वच्छ निघाला. "कोपर सरळ," परीक्षक म्हणाले. तिने कोपर सरळ केले. दुसऱ्याला ती अर्ध्यावर थांबली. आधीचा उमेदवार इथेच पाय झाडता झाडता बारवरून निसटून पडला होता.

"झटका दे, पोरी!" सुभेदार साहेब पुटपुटले.

तिने झटका दिला नाही. खांद्याची पाती खाली ओढली. बोटे बारवर पांढरी पडलेली मला कुंपणावरून दिसत होती. हनुवटी बारला टेकली, थरथरली आणि वर गेली.

"दोन," परीक्षक म्हणाले.

तात्यांनी डोळे पुसायला उपरणे शोधले. घाईत खांद्यावर ओढणीच आली होती.

आता रेश्मा इंदापुरात मामाकडे राहून ड्यूटीला जाते. अकॅडमीत नवीन मुलगा वा मुलगी आली की माझा पहिला प्रश्न असतो, सकाळी हाताने काय काम करून आलात? सुभेदार साहेब अजूनही झटक्याच्या बाजूचे आहेत, पण झटक्याने काढलेला चिन-अप आता ते मोजत नाहीत.

मध्यंतरी वडगावला गेले होते. तात्या गुलाबी ओढणी घेऊनच धारेला बसले होते. ओढणीशिवाय रंगी पान्हा सोडत नाही म्हणे. आमच्या शास्त्रात हाच नियम आहे. सराव ज्या परिस्थितीत केला, सवय त्याच परिस्थितीची लागते. रेश्माच्या बाबतीत तो मी वेळेवर लावला. तात्यांच्या बाबतीत ओढणी हळूहळू काढायचे राहून गेले.