पुढच्या उड्डाणाआधी

हँगरमध्ये तिला सगळे थांबाबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं. एखादा वैमानिक घाईघाईने चावी मागायला आला की ती चष्मा कपाळावर सरकवून म्हणायची, “थांबा.” बस, एवढंच. मग तो कितीही मोठा कप्तान असो, ती चाकापासून उठेपर्यंत त्याला ताटकळत उभं राहावं लागे. ‘बाईंच्या हाताखाली गेलेलं विमान उडायचं विसरतं,’ असा विनोद कॉफीच्या मशीनपाशी चालायचा. आणि तो करणारेच स्वतःच्या बायकापोरांना हवेत फिरवून आणायचं असलं की हळूच विचारायचे, “बाई, तुमच्या सहीचं कुठलं मोकळं आहे?”

ती शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. वडिलांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली, तेलाच्या वासाची. आठव्या वर्षीच ती डोळे मिटून मशीनचा खालचा भाग उघडून पुन्हा बसवायची. विमानांकडे मात्र ती आली फडकं घेऊन. लग्नानंतर नवरा स्कूलबस घेऊन बाहेर पडला की घरात तिचे हात शिवशिवायचे, म्हणून तिने गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर विमानं धुण्यापुसण्याचं काम धरलं. पुसता पुसता एकदा तिने पंखाजवळचं एक सैल रिव्हेट दाखवलं. ते दोन मेकॅनिकांच्या नजरेतून सुटलं होतं. तेव्हाचे म्हातारे मुख्य मेकॅनिक तिच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, “फडकं ठेव, पोरी. पाना घे.” मग एका हाताने लेकीला थोपटत आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून तिने परीक्षा दिल्या. लायसन्स मिळालं तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. त्याला आता तेवीस वर्षं झाली होती.

धाकट्या दिराला विमानांचं वेड लावलं तेही तिनेच. तो वैमानिक झाला, याच विमानतळावर नोकरीला लागला, आणि सासूबाईंनी त्याचं खापर कायमचं सुनेच्या डोक्यावर फोडलं. “एक जमिनीवर गाडी चालवतो, दुसऱ्याला हिने आभाळात पाठवला,” असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. दीर-भावजयीचं मात्र छान जमायचं. तिने सही केलेल्या विमानात तो डोळे मिटून बसायचा.

त्या शनिवारी सासूबाईंचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता. घर माणसांनी भरलेलं. ती केक कापायला सुरी शोधत होती तेव्हा तिच्या फोनवर मेल आला. विमान खात्याकडून. मथळा तिने वाचला: ‘सक्तीची तपासणी – चाकांच्या ब्रेकच्या डिस्क.’ अशा नोटिसा महिन्यात दोन-चार यायच्याच. एखाद्या कारखान्यात एखादा भाग कच्चा निघाला की सगळ्या जगातल्या तशा विमानांची तपासणी करावी लागते. कुणाला शंभर तासांत, कुणाला महिन्याभरात. उद्या रविवार, कुणी उडत नाही. सोमवारी सकाळी बघू, असं म्हणून तिने फोन पर्समध्ये टाकला. दीर दोन हातांच्या अंतरावर उभा होता, प्लेट पुढे करून. “वहिनी, कडेचा तुकडा मला,” तो म्हणाला. तिने दिला.

सोमवारी सात वाजता तिने हँगरच्या ऑफिसात तो मेल पूर्ण उघडला. दुसऱ्याच ओळीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं: पुढच्या उड्डाणाआधी. महिन्यात नाही, आठवड्यात नाही. डिस्कचा चपटा भाग मधल्या वाटीला जिथे जुळतो तिथे केसासारख्या भेगा सापडल्या होत्या. दोन विमानांत डिस्क ब्रेक दाबताच तुटली होती. खाली नंबर होते. गेल्याच महिन्यात एकाच खोक्यातल्या चार डिस्क तिने स्वतःच्या हाताने दोन विमानांना बसवल्या होत्या. नंबर याच यादीतले होते.

ती धावत बाहेर आली. त्या दोनांपैकी एक विमान जागेवर होतं. दुसऱ्याची जागा रिकामी.

“ते कुठेय?” तिने मॅनेजरला विचारलं.

मॅनेजर शांतपणे कॉफी ढवळत होता. “तुझे दीर घेऊन गेले. मोजणीखात्याच्या माणसाला डोंगरातल्या धावपट्टीवर सोडायचं होतं. बुधवारचं होतं ते, पण हवा बिघडणार म्हणून काल रात्री आजवर आणलं. सहा चाळीसला सुटले.”

तिने नोटीस त्याच्यासमोर धरली. त्याने वाचली, ओठ चावला. “परत बोलवायचं? एका कागदावरून? तिथे लोक वाट बघतायत. यादीत नंबर आहे म्हणजे भेग असेलच असं थोडंच आहे?”

“असली तर?”

“मग आधी हे दुसरं तपास. सापडलं तर पुढचं पुढे.”

तिने वाद घातला नाही. नंतर कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं की तिथेच टेबलावर हात आपटायला हवा होता. पण तेव्हा तिने फक्त टॉवरवरच्या मुलीला फोन केला, “त्यांना रेडिओवर हाका मारत राहा,” असं सांगितलं आणि पाना उचलला.

एरवी ज्याला तासभर लागायचा ते चाक तिने वीस मिनिटांत उतरवलं. डिस्क धुतली, कोरडी केली, वर लाल औषध लावलं. हे औषध बारीकशा भेगेतही मुरतं. मग वरचं पुसून पांढरी पावडर फवारली की भेगेतला लाल रंग वर येतो. मुरायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं जगात कुणाला कमी करता येत नाहीत. घड्याळाकडे बघत ती उकिडवी बसून राहिली. टॉवरवरून फोन आला, “बाई, उत्तर नाही. डोंगराच्या पलीकडे गेलेत ते. आपला आवाज पोचत नाही.”

तिने डिस्क पुसली. पावडर फवारली. एक क्षण सगळं पांढरं. मग वाटीच्या कडेने, कुणी लाल दोरा ठेवावा तशी एक रेघ उमटली. बोटाएवढी लांब.

मॅनेजरने ती रेघ पाहिली आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. सात पन्नास झाले होते. सव्वाआठला दीर त्या पट्टीवर उतरणार होता. डोंगर फोडून केलेली आखूड पट्टी ती; तिथे उतरायचं म्हणजे चाकं टेकताच दोन्ही पायांनी ब्रेक दाबायचा, कारण पुढे दगडाची खाण होती. एका बाजूची डिस्क तुटली तर विमान दुसऱ्या बाजूला भिंगरीसारखं फिरणार, आणि दोन्हीकडच्या तुटल्या तर सरळ खाणीत.

मॅनेजरने डोंगरातल्या पट्टीच्या राखणदाराला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. “बहुतेक मेंढ्या हाकलायला गेला असेल पट्टीवरच्या,” तो पुटपुटला.

ती टॉवरचा जिना दोन-दोन पायऱ्या चढत गेली. चोपन्नाव्या वर्षी, गुडघ्याची तक्रार असताना. वर मुलगी एकटीच होती, चार महिन्यांपूर्वी लागलेली. रडकुंडीला आली होती.

“आपला आवाज पोचत नाही,” बाई धापा टाकत म्हणाल्या, “पण वरून जाणाऱ्या मोठ्या विमानांचा पोचेल ना? त्यांना तर दोन्हीकडचं ऐकू जातं.”

मुलीने डोळे पुसले आणि मोठ्या विमानांशी बोलणाऱ्या केंद्राचा फोन उचलला. तिथल्या माणसाने एकच प्रश्न विचारला, “निरोप काय द्यायचा? थोडक्यात सांगा.” बाईंनी फोन घेतला. “ब्रेक लावू नका. उतरू नका. परत या.” नंतर काय वाटलं कुणास ठाऊक, बाईंनी आणखी जोडलं, “वहिनीने सांगितलंय म्हणावं.”

मग काहीच नाही. मुलगी कानाला यंत्र लावून बसली. खाली मॅनेजर अजून फोनची घंटी वाजवत होता, खिडकीतून दिसत होता. आठ पाच. आठ दहा. बाईंनी खिडकीची कड घट्ट धरली होती. घरी सासूबाई आता उठून पेपर वाचत असतील. त्यांना काय तोंड दाखवायचं, हा विचार मनात आला आणि तिने तो तिथेच दाबून टाकला.

आठ वाजून अकरा मिनिटांनी केंद्राचा फोन आला. शेकडो प्रवासी घेऊन वरून चाललेल्या विमानाच्या कप्तानाने निरोप पोचवला होता. दिराने पट्टी समोर दिसत असताना विमान वर घेतलं होतं. उत्तरही दिलं होतं: “वहिनीला सांगा, वळलो.”

मुलगी हुंदका देऊन हसली. बाई खाली बसल्या नाहीत. अजून दीड तास होता, आणि उतरायचं तर होतंच.

तो आवाजाच्या टप्प्यात आला तेव्हा साडेनऊ होत आले होते. तोवर आग विझवायची गाडी आणि रुग्णवाहिका पट्टीच्या कडेला उभ्या होत्या. मुलीने रेडिओ बाईंच्या हातात दिला. नियमात बसत नव्हतं, पण त्या वेळी नियमाचं नाव कुणी काढलं नाही.

“भाऊजी, ऐकताय ना?”

“ऐकतोय. काय झालंय नक्की?”

“ब्रेकच्या डिस्कला भेग आहे. शेजारच्या विमानात सापडली, तुमच्यातही असणार. वाऱ्याच्या तोंडावर उतरा. अगदी सुरुवातीला चाकं टेकवा, जितकं हळू जमेल तितकं. इंजिन बंद करा आणि घरंगळू द्या. आपली पट्टी लांब आहे, पुरेल. पाय पेडलच्या खालच्या बाजूला ठेवा. वरच्या ब्रेकवर न्यायचेच नाहीत.”

“आणि माझ्या शेजारचे साहेब विचारतायत, त्यांनी काय करायचं?”

“पट्टा घट्ट करायचा. मोजणीचा कॅमेरा मागे ठेवायचा. आणि तुमच्याशी बोलायचं नाही.”

विमान आलं. पट्टीच्या अगदी तोंडाशी टेकलं, एकदा उचललं, पुन्हा टेकलं. पुढचा पंखा थांबला. बिनआवाजाचं ते विमान धावत येताना बघणं तिला सहन होईना, पण नजर हटवणंही जमेना. अर्धी पट्टी गेली. वेग उतरत होता. पाऊण पट्टी. आता सायकलवाला जाईल तेवढाच वेग राहिला. मॅनेजरने खाली टोपी काढून छातीशी धरली होती.

शेवटाला डावीकडे वळण होतं. वीस वर्षं हजारो वेळा त्या वळणावर दिराचा डावा पाय वर जाऊन ब्रेक दाबत आला होता. त्या दिवशीही गेला. टण्ण असा आवाज टॉवरपर्यंत आला. डावीकडे वळायचं ते विमान तसंच सरळ पुढे गेलं. दचकून दिराने दोन्ही पाय दाबले. उजवा ब्रेक लागला, विमान गर्रकन उजवीकडे फिरलं, गवतात घुसलं आणि कुंपणाच्या खांबावर पंख चुरडून थांबलं.

ती पोचली तेव्हा दोघं बाहेर आले होते. मोजणीवाल्याचा ओठ फाटला होता, दिराचं मनगट वाकडं झालं होतं. तो गवतात बसून तुटलेल्या चाकाकडे बघत होता.

“वहिनी, पायाने ऐकलं नाही हो,” तो म्हणाला.

“असू दे. असू दे,” ती म्हणत राहिली.

दुपारी मॅनेजरने दार लावून घेतलं. “खात्याची माणसं उद्या येतील. मेल आपण सोमवारी सकाळी उघडला. शनिवार-रविवार ऑफिस बंद असतं, कुणी बोट दाखवू शकत नाही.”

“मी शनिवारीच पाहिला होता.”

“पूर्ण वाचलास?”

“नाही.”

“मग? पाहिला नाहीस असंच धर. अगं, तूच वाचवलंस त्याला!”

ती म्हणाली, “खोटं लिहिलेल्या कागदाखाली आजवर सही केली नाही. आता या वयात हात वळायचा नाही.”

चौकशीत तिने शनिवारची वेळसुद्धा सांगितली. चार महिने तिचा सहीचा अधिकार काढून घेतला. मॅनेजरलाही ताकीद मिळाली, उड्डाण बदलल्याचं मेकॅनिकला न कळवल्याबद्दल. नोटीस आली की ती दोन माणसांना फोन करून वाचून दाखवायची, सुट्टी असो नसो, असा नियम त्यानंतर तिथे लागला. ते चार महिने ती त्याच हँगरमध्ये फडकं घेऊन विमानं पुसत होती. कॉफीच्या मशीनपाशी कुणी विनोद करत नव्हतं.

लोकांचं तिला काही वाटलं नाही. दिराचं वाटलं. मनगट प्लास्टरमध्ये असताना त्याच्या कानावर शनिवारची गोष्ट गेली, आणि त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. भांडला नाही, चढ्या आवाजात एक शब्द बोलला नाही. जेवायला आला की मोठ्या भावाशी बोलायचा, आईशी बोलायचा, आणि मीठ हवं असलं तर स्वतः उठून घ्यायचा.

नवऱ्याने एकदा मध्ये पडायचा प्रयत्न केला. “अरे, तिने हाक मारली म्हणून तू आहेस.”

“हाक मारली खरी,” दीर म्हणाला. “पण मी तिच्यासमोर केक खात उभा होतो, दादा.”

तो म्हणत होता ते खरंच होतं. ती भांडी घेऊन आत गेली. सासूबाई तिच्या मागोमाग आल्या. आयुष्यभर खापर फोडणाऱ्या त्यांनीच त्या दिवशी मात्र सुनेच्या हातातली भांडी घेतली आणि म्हणाल्या, “त्याला वेळ लागेल. तू खचू नकोस.”

अधिकार परत मिळाला त्याला दोन आठवडे झाले असतील. ती एका विमानाच्या चाकापाशी बसली होती. मागे कुणीतरी येऊन उभं राहिल्याचं तिला जाणवलं, पण मान वर केली नाही. पाना फिरवून झाल्यावर बघितलं तर दीर होता. मनगट बरं झालेलं, अंगात गणवेश.

“आईच्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी ठरलंय,” तो म्हणाला. “रजा तुम्ही टाकताय की मी टाकू?”

तिने पाना खाली ठेवला. “मी टाकते,” ती म्हणाली. “तुम्ही संध्याकाळी घरी सोडायला गाडी घेऊन या.”

“येतो.” तो दोन पावलं गेला, पुन्हा वळला. “चार वाजता, की पाच?”

“चार,” ती म्हणाली.