थोरलीपुढची गाऱ्हाणी

प्राणिसंग्रहालयात त्यांना सगळे पुटपुटे म्हणत. ते आडनाव नव्हतं, खोड होती. सिंहांचे पिंजरे झाडताना झाडूपेक्षा त्यांचं तोंड जास्त चालायचं, आणि विषय कायम बायकोचा. घरी ब्र काढायची छाती नव्हती, म्हणून सगळी गाऱ्हाणी थोरल्या सिंहिणीच्या कानावर जात. पलीकडचा सिंह दिवसभर ताणून द्यायचा. आयाळ काळीभोर, कामाच्या नावानं शून्य. पुटपुट्यांना त्याचा मनातून हेवा वाटे. थोरली मात्र गजांपाशी बसून ऐकायची, निदान उठून जायची नाही. घरात तेवढंही कोणी करत नव्हतं.

थोरली व्याली आणि पुटपुट्यांना तिकडे फिरकायची बंदी झाली. नियम बरोबरच होता. रानातसुद्धा सिंहीण व्यायला कळप सोडून आडोशाला जाते. मागच्या वेळी माणसांच्या वर्दळीनं थोरली बिथरली होती. पिल्लं तोंडात धरून जागा बदलत राहिली, पाजायचं राहूनच गेलं, आणि एकही पिल्लू वाचलं नाही. रानात सिंह उरलेत थोडे, म्हणून या वेळी सगळे दबक्या पावलांनी वावरत होते.

पण कॅमेऱ्यात पुन्हा तेच दिसू लागलं. एकच पिल्लू, डोळेही न उघडलेलं, आणि थोरली त्याला तोंडात धरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. पुटपुट्यांनी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं.

"काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माणसं हटवली ते ठीक. पण तुमचं रोजचं बोलणंही आपण बंद केलं. भिंतीआड बसून बोलून बघा."

"काय बोलू?"

"रोज बोलता तेच."

पुटपुटे स्टुलावर बसले, घसा खाकरला. "काय सांगू बाई तुला. नवी चप्पल हिनं कपाटात कोंडून ठेवलीय. पाहुण्यांकडे जायला म्हणे. आपल्याकडे पाहुणे बोलावतंय कोण? रात्रभर घोरते, आणि सकाळी म्हणते, तुम्ही झोपू दिलं नाही."

मोबाइलवर पिंजरा बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी होकारार्थी मान हलवली. थोरलीचे कान वळले होते. पिल्लू खाली ठेवून ती आडवी झाली.

पुटपुट्यांनी हरखून मागे पाहिलं, तर दारात डबा घेऊन बायको. त्यांची दातखीळ बसली. आत थोरली उठली आणि पिल्लू पुन्हा तोंडात धरायला वळली.

बायकोनं एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग डबा ठेवून ती त्यांच्या शेजारी खाली बसली.

"अहो, गप्प का झालात? बोला."

"काय बोलू आता?"

"माझ्या भावाचं सांगा," ती कुजबुजली. "तेही आणलं असेलच इथवर."

पुटपुट्यांनी मेहुण्याची यथासांग साल काढली. मग सासूबाईंची. बायको मान डोलवत राहिली. थोरली पुन्हा आडवी झाली, पिल्लू चाचपडत पोटाशी सरकलं, पण अजून तोंड लावेना. पुटपुटे घामाघूम झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तक्रारी संपल्या होत्या.

"आणि काय... हं. मागे माहेरी गेली होती ना, तेव्हा घर खायला उठलं होतं मला. पण हे तिला कळता कामा नये हं बाई. डोक्यावर बसेल."

बायको मोबाइलकडे बघत राहिली. चित्र तिला नीट दिसत नव्हतं, तिनं पदरानं डोळे पुसले.

"प्यायला लागलं," ती म्हणाली.