मॉर्फिनची अर्धी गोळी

सोनचाफ्याचा वास आला की वर्तकनगरच्या घरातली ती दुपार आठवते. आईच्या हाडांत कॅन्सर पसरलेला, आणि तिला सवय लागेल या भीतीने मी मॉर्फिनची अर्धीच गोळी देत होते. घरी येणाऱ्या नर्सबाईंना शेवटी सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. "अगं, डॉक्टरांनी तिचं दुखणं बघूनच ठरवलीये. पूर्ण दे," एवढंच म्हणाल्या. पूर्ण गोळीनंतर तासाभराने आईच्या कपाळावरची आठी हळूहळू विरली. पांघरुणावर पिवळं ऊन हलत होतं, खिडकीबाहेरचा सोनचाफा दरवळत होता. कितीतरी दिवसांनी ती कुशीवर वळली, माझा तळवा गालाखाली घेतला आणि म्हणाली, "आज कसं हलकं वाटतंय गं. तू किती करतेस माझं." ती गेली, त्यालाही आता वर्षं झाली. तिला खरं सांगायचं राहूनच गेलं.