अण्णांना चढता आली नाही ती बोट

मंडळी, आत्ताच रत्नागिरीहून एसटीनं राजारामपुरीत पोचलो. अंग आंबून गेलंय. घरच्या सहा जणांना दिवसभर फिरता येईल अशी मोटरबोट बघायला गेलतो. ट्रंक कॉल लावून वेळ ठरवलेली. बोटी बघायचा हा तिसरा रविवार.

बोट झकास होती, इंजिनही दमदार. पण बोटीचा काठ इतका उंच, की मी नि बायकोनं धरूनही माझ्या वडिलांचा, अण्णांचा, पाय वर जाईना.

"मी बसतो की किनाऱ्यावर. तुम्ही या फिरून," अण्णा म्हणाले.

बोट विकणाऱ्याला बायको म्हणाली, "पावणं, ही बोट आमची न्हाय."

परतताना एसटी मलकापूरला थांबली. तेव्हा अण्णा म्हणाले, "माझ्यापायी तुमची बोट हुकली."

बापाला यावर काय सांगायचं, तुम्हीच सांगा.