काकूचा ओटा, नमुना क्रमांक चार

“आणि वर माझं नाव!”

“नाव नाहीये काकू. नुसतं ‘काकू’ लिहिलंय.”

“मग तू किती जणींना काकू म्हणतेस? मोज बघू. मोजायला शिकवतात ना तिथे?”

“मलाही काका म्हणते ती,” पेपरमागून आवाज आला. “माझा फोटो नाही लावला अजून कुणी.”

“तुम्ही गप्प बसा हो. इथे माझं काम गेलंय आणि तुम्हाला चेष्टा सुचतेय.”

पेपर पुन्हा ताठ झाला. पुतणी ओट्याला टेकून उभी होती. आपण नेमक्या ओट्यालाच टेकलोय हे लक्षात आल्यावर ती बाजूला सरकली. दोन मोठी पातेली घासूनपुसून पालथी घातलेली होती. एरवी सकाळी दहाला त्यांतून वाफ निघत असायची आणि पाळणाघरातल्या बावीस मुलांचं जेवण डब्यांत भरायची घाई चाललेली असायची. आज आठलाच पाळणाघरवाल्या ताईंचा फोन आला. थोडे दिवस नको. काकूने कारण विचारलं, तेव्हा त्या आधी घुटमळल्या आणि मग म्हणाल्या, “पालकांनी तो फोटो पाहिलाय हो.”

फोटोत प्लास्टिकची एक गोल, चपटी ताटली होती. तिच्यात केशरी, पिवळे आणि गुलाबी ठिपके दाटीवाटीने उगवले होते, एखाद्या लहान मुलीच्या फ्रॉकवर असावेत तसे. वर ओळ होती : ‘तुमच्या ओट्यावर कोण कोण राहतं? बघायची हिंमत आहे?’ आणि ताटलीच्या कडेला, काळ्या मार्करने, पुतणीच्याच गोल अक्षरात : ‘काकू – ओट्याचं फडकं’.

“मी स्वतः दिलं होतं ते फडकं,” काकू म्हणाली. “म्हटलं, ने बाई, बघ तुझ्या दुर्बिणीतून माझा ओटा किती स्वच्छ आहे ते.”

“सूक्ष्मदर्शक, काकू.”

“काय असेल ते.”

ही मुलगी चार वर्षांपूर्वी एक बॅग आणि स्वतःची उशी घेऊन या घरी राहायला आली. तिच्या आईवडिलांच्या गावात विद्यापीठ नव्हतं. काकाकाकूंनी मागची खोली तिला दिली. ती खोली खरं तर त्यांच्या मुलीला, म्हणजे घरातल्या धाकटीला मिळायची होती. धाकटी तेव्हापासून बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपते. ताईची डिग्री झाली की खोली तुझी, असं ठरलं होतं. धाकटीने भिंतींचा रंगही निवडून ठेवला होता. आता शेवटची सहामाही चालू होती.

या सहामाहीत सूक्ष्मजीवशास्त्राच्या सगळ्याच मुलांना एक सक्तीचा विषय होता : विज्ञानलेखन आणि समाजमाध्यमे. नाव एक, पण त्याची दोन तोंडं दोन दिशांना. सोमवारी मॅडम यायच्या. त्यांच्या हातात लाल पेन असायचं आणि विशेषणांवर त्यांचा दात होता. “भयानक? हे मोजमाप आहे का? किती भयानक? एकक सांग.” मग त्या ‘भयानक’ खोडून ‘तुलनेने अधिक’ लिहायच्या. गुरुवारी सर यायचे. ते मुलांची पानं मोबाइलवर उघडून अंगठ्याने भराभर वर सरकवायचे. “‘असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ हे वाचून कोण थांबेल? मी तर पुढे गेलो. तू काय नाकारतेस ते नंतर सांग, आधी मला थांबव.”

सोमवारी ती आपलं वाक्य लांब करायची आणि गुरुवारी आखूड. दर आठवड्याला शाबासकी मात्र कुणाचीच नाही.

अभ्यास दोघांनी मिळून एकच दिला होता. स्वतः एक छोटा प्रयोग करायचा. त्यावर मॅडमसाठी शोधनिबंध लिहायचा आणि सरांसाठी तोच विषय सामान्य माणसांना सांगणारी पोस्ट करायची. ती पोस्ट सहामाही संपेपर्यंत पानावर राहिली पाहिजे, शेवटच्या दिवशी किती जणांनी पाहिली ते बघून गुण मिळणार. काढून टाकली तर त्या अर्ध्या भागात शून्य, आणि एका भागात शून्य म्हणजे अख्ख्या विषयात नापास.

तिने दहा स्वयंपाकघरांतली फडकी तपासायची ठरवली. काकूचं, वरच्या मजल्यावरचं, दोन मैत्रिणींकडचं, असं करत नऊ झाली. दहावं तिने विभागातल्या चहाच्या टेबलावरचं घेतलं. फडक्यांवरचे जंतू ज्यांत वाढवायचे त्या ताटल्यांवर क्रमांक घालायचे असतात हे तिला पाठ होतं. पण फडकी गोळा केली त्या दिवशी गडबड इतकी होती की तिने सरळ जे तोंडात येतं तेच लिहिलं : काकू, मामी, वरच्या आजी. निबंधात पुढे त्यांचे रीतसर नमुना क्रमांक झाले. काकू चौथी.

पहिली पोस्ट तिने मॅडमच्या धाकात लिहिली होती. तिच्यात नमुन्यांची मर्यादित संख्या होती, सावधगिरी होती, एक तक्ताही होता. आठवड्यात ती एकोणीस जणांनी पाहिली. त्यातला एक तिचा बाप होता आणि त्याने खाली अंगठ्याचं चित्र टाकून ‘खूप अभ्यास कर’ असं लिहिलं होतं. सर म्हणाले, “चित्र कुठाय? रंग कुठाय? ही कच्ची धरतो. दुसरी टाक, गुणांना तीच.”

म्हणून ती चित्र शोधायला प्रयोगशाळेत गेली. इन्क्युबेटरमध्ये ताटल्या पालथ्या ठेवतात, म्हणजे झाकणावरचं पाणी वाढीवर पडत नाही. झाकणं धुरकटली होती, तेव्हा तिने पालथ्याच ताटल्यांचे फोटो काढले. आणि नाव तर बुडावरच लिहिलेलं असतं. तिला दिसले ते रंग. रोज डोळ्यांसमोर असलेलं स्वतःचं अक्षर कुणाला दिसतं?

सगळ्यात जास्त चीड तिला याची येत होती की काकूची ताटली नुसती देखणी होती. ते केशरी-पिवळे जंतू हवेतले, धुळीतले, कुणाचं काही न बिघडवणारे. ज्याने खरोखर पोट बिघडावं असं एकाच ताटलीत सापडलं होतं आणि ते दिसायला अगदी फिके, पांढुरके ठिपके. ती ताटली चहाच्या टेबलाची होती. मॅडम आणि सर दोघंही तिथूनच चहा घेत. तिने त्यांना सांगितलं तेव्हा मॅडमनी फडकं लगेच बदलायला लावलं. सर म्हणाले, “बरोबर, पण पांढऱ्यावर कोण थांबतं?”

गुरुवारी टाकलेली पोस्ट मंगळवारपर्यंत चाळीस हजारांनी पाहिली. धाकटीने ती मोठ्या अभिमानाने आपल्या वर्गाच्या ग्रुपवर टाकली, ‘माझी ताई’ असं लिहून. वर्गातल्या एकीचा भाऊ पाळणाघरात. काकूचे डबे पोचवायला रोज पुतणीच जायची, त्यामुळे ती तिथल्या मुलांच्या सगळ्या आयांना तोंडओळखीने माहीत. पुढचं कुणाला समजावून सांगायला नको.

आता बुधवारी सकाळी काकूने विचारलं, “मग चूक झाली म्हणून लिही ना तिथे.”

“लिहिलंय. रात्री ते नाव दिसलं तेव्हाच लिहिलंय. ते जंतू निरुपद्रवी आहेत, ओटा स्वच्छ आहे, सगळं.”

“मग?”

“एक्केचाळीस जणांनी पाहिलं.”

“एक्केचाळीस हजार?”

“एक्केचाळीस. त्यातले दहाबारा वेळा मीच.”

काकांनी पेपर खाली ठेवला.

ती निबंधाची छापील प्रत घेऊन पाळणाघरात गेली. दारातल्या बुटांच्या रांगेशेजारी उभं राहून ताईंनी चष्मा लावला, एक पान वाचलं, परत वरून वाचलं.

“‘नमुना चार आणि इतर घरगुती नमुने यांत लक्षणीय फरक आढळला नाही.’ म्हणजे चांगलं की वाईट?”

“चांगलं, ताई.”

“मग चांगलं असं लिहायचं की गं.”

“तसं लिहिता येत नाही.”

“फोटोत बरं लिहिता आलं!” ताई चिडून नव्हत्या बोलत. आत कुणीतरी रडत होतं, त्यांचं अर्धं लक्ष तिकडे. “हे बघ, मला तुझ्या काकूचा हात माहितीये. सहा वर्षं माझी पोरं तिच्याच हातचं जेवतायत, एक कधी आजारी नाही पडलं. पण रोज संध्याकाळी बावीस आया मला तोच फोटो दाखवणार. मी काय, तुझे कागद वाटू त्यांना? तो आधी काढ. दिसेनासा झाला की मी बोलते सगळ्यांशी. पण तो तिथे असेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. आणि आठवडाभरात दुसरी कुणी बघावी लागेल मला, पोरं उपाशी नाही ठेवू शकत.”

गुरुवारी तास संपल्यावर तिने सरांना गाठलं.

“नुसता फोटो बदलता येतो का, सर?”

“एकदा टाकलेल्या पोस्टचा फोटो बदलत नाही, पूर्ण काढावी लागते. काढू नकोस. वर्गात सगळ्यात पुढे आहेस तू. आणि ते ‘काकू’ राहून गेलं ना, त्यानेच तर चाललीये. माणूस दिसलं की लोक थांबतात.”

“त्या माणसाचं काम गेलं, सर.”

सर क्षणभर खरोखर ओशाळले. “अरेरे,” ते म्हणाले. “मग त्यावरच दुसरी पोस्ट कर. काकूंशी बोलून. छान होईल.”

जिन्यात मॅडम भेटल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. “ताटलीवर नातं लिहितात का? पहिल्या तासाला काय सांगितलं होतं?”

“क्रमांक लिहा.”

“का सांगितलं होतं?”

का ते तिला आता जितकं माहीत होतं तितकं मॅडमनाही नसेल. मॅडमनी नियमांचा कागद काढून पुन्हा वाचला, कुठे फट आहे का ते पाहिलं. फट नव्हती. “निबंध चांगला झालाय तुझा,” त्या म्हणाल्या. “तुलनेने,” असं नेमकं त्या दिवशी त्या म्हणाल्या नाहीत, आणि त्याचा काही उपयोगही नव्हता.

ती साडेपाचला घरी आली तेव्हा काकू ओटा पुसत होती. कोरं फडकं, अजून किमतीचं लेबल चिकटलेलं. जुनी सगळी तिने टाकून दिली होती. पुसून झालेला ओटा ती परत पुसत होती, कोपऱ्यात नखाने खरवडत होती. दोन दिवसांत तिने ‘ती पोस्ट काढ’ असं एकदाही म्हटलं नव्हतं. काढली तर पोरीची डिग्री अडेल एवढं तिला धाकटीकडून कळलं होतं. ती म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं.

“एक विचारू?” काकू पाठमोरीच म्हणाली. “खरं सांगायचं. माझा ओटा घाण आहे का?”

“दहाच नमुने होते काकू. त्यावरून तसं सरसकट…”

“हो की नाही?”

पुतणीने तोंड उघडलं. सोमवारची सगळी वाक्यं तिच्या जिभेवर रांगेत उभी राहिली : या मर्यादेत, उपलब्ध माहितीनुसार, तुलनेने. त्यातलं एकही या ओट्यापाशी चालण्यासारखं नव्हतं. गुरुवारच्या वाक्यांनीच तर या ओट्यावर ही पाळी आणली होती.

“नाही,” ती म्हणाली.

“मग एवढा वेळ का लागला?”

काकूने फडकं पिळलं, नळावर टाकलं आणि कालपासून पालथी पडलेली पातेली उगाचच उचलून पुन्हा तिथेच ठेवली. “चार वर्षं तुला वाढलंय या ओट्यावरून,” ती म्हणाली, पण पुतणीला नाही, पातेल्यांनाच.

मुलगी मागच्या खोलीत गेली. पलंगावर बसून तिने मोबाइल उघडला. आकडा आणखी वाढला होता. कुणीतरी खाली लिहिलं होतं, ‘या काकूंच्या घरी जेवू नका’, आणि त्याला तीनशे जणांनी हसून दाद दिली होती. तिने ते दोनदा वाचलं. काढून टाकायचं का, असं मोबाइलने एकदा विचारलं, मग खात्री आहे ना, असं पुन्हा विचारलं. मोबाइलला सुद्धा हो की नाही एवढंच हवं होतं. मग तिने ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, बघते, उद्या बोलते पालकांशी, वचन देत नाही.

बाहेर काका चहाचा कप घेऊन बसले होते, धाकटी सोफ्यावर वह्या पसरून. काकू दारात होती, हात ओले.

“पोस्ट काढली,” पुतणी म्हणाली. “ताईंना सांगितलंय, त्या उद्या बोलतील, पण वचन देत नाही म्हणाल्या. मी नापास आहे. विषय पुढच्या सहामाहीत परत घ्यायचाय, आईला फोन मीच करते. आणि मागची खोली अजून सहा महिने मला लागेल.”

“आणि माझा रंग?” धाकटी म्हणाली.

“सहा महिने,” ती म्हणाली.