आतोबांची आजारी मोटार

धडधाकट मोटारीला आजारी पाडावं ते आमच्या आतोबांनीच. या बाबतीत त्यांचा हात धरणारा उभ्या मोगलाईत दुसरा कुणी झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. हट्टा गावात त्यांचा कापूस होता, हळद होती आणि हिंगोलीच्या एका शेटजींना बैलजोडी देऊन तिच्या बदल्यात आणलेली एक जुनी मोटार होती. बैलांच्या बदल्यात आली म्हणून ती बैलांच्याच जागी, गोठ्यात, कपिला गाय आणि तिची कालवड यांच्या मधे उभी असे. रेडिएटर ठिबकू लागला की आतोबा त्यात मूठभर हळद टाकत. गळती थांबायची हे खरं, पण मोटार तापली की सगळ्या वाटेवर फोडणीचा वास सुटायचा. आत्या चुलीपुढून ओरडायची, "अवं, आता सैपाक बी तिथंच करा!"

लोक मोटार बंद पडली की बिघाड शोधतात. आतोबा ती बरी असतानाच शोधत. सकाळचा चहा झाला की बॉनेटला कान लावून, डोळे मिटून उभे राहायचे आणि बऱ्याच वेळानं सांगायचे, "घसा बसला हिचा. गार वारं बाधलं." मग कारबोरेटर उघडायचा, त्यात फुंकर मारायची, जसाच्या तसा परत बसवायचा. प्लग काचकागदानं घासून अंगणात सुपात वाळत घालायचे. एकदा त्यातला एक प्लग आत्यानं नकळत लोणच्याच्या झाकणावर वजन म्हणून ठेवला, आणि तो सापडेपर्यंत मोटारीला अर्धांगवायू झालाय असं आतोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. मी त्या साली तापातून उठून हवापालटाला त्यांच्याकडे गेलो होतो. आतोबांनी माझी नाडी पाहिली, मग मोटारीच्या रबरी नळीवर बोटं ठेवली आणि मान हलवली. "तुमा दोघांचं एकच दुखणं हाय. मुदतीचा ताप. मुदत भरल्याबिगर उतरत नसतो."

मी पोळ्याच्या आदल्या दिवशी पोचलो होतो. राहिलेल्या बैलांची खांदेमळणी चालली होती. ऊन पाण्यानं खांदे शेकून तूप-हळद चोळत होते. बैलांचं आटोपल्यावर आतोबा वाटी घेऊन मोटारीकडे वळले. वर्षभर ओझं ओढणाऱ्या जनावराचा खांदा मळायचा आणि हिचा नाही, हा कुठला न्याय? मोटारीला खांदा कुठे असतो यावर गडीमाणसांत जरा वाद झाला. अखेर आतोबांनी बॉनेट उघडून आतल्या नळ्यांना, तारांना, हात पोचेल तिथे सढळ हातानं तूप चोळलं. बाहेर सांडलं ते कालवडीनं चाटून घेतलं. माझ्या त्या अशक्त डोक्याला ते सगळं अगदी योग्य वाटलं.

दुपारी आम्ही प्रवासाला जायचो. म्हणजे मोटार गोठ्यातच. आतोबा चाकापुढे बसत, मागे मी आणि त्यांची लेक गोदा. कवाडातून तिरपं ऊन यायचं, त्यात कडब्याची धूळ तरंगायची, कालवडीच्या गळ्यातली घंटी मधूनच वाजायची. आतोबा डोळे अर्धे मिटून हळूहळू चाक फिरवत म्हणायचे, "आला बघा औंढ्याचा माळ. कळस दिसून राहिला." आणि मला खरंच दिसायचा. कधी आम्ही हैदराबादेपर्यंत जायचो. अर्ध्या वाटेत मला झोप लागायची. गोदाला मात्र कधी लागलेली मी पाहिली नाही. ती पुढे वाकून बापाचे हात न्याहाळत असायची, सकाळी बॉनेटपाशी न्याहाळायची तशीच.

गोदाचं लग्न वैशाखात झालं होतं, औंढ्याच्या पलीकडे. माझी लेक पहिल्यांदा सासरी जाईल ती मोटारीतूनच, अशी आतोबांनी मांडवात शपथ घेतली होती, आणि तेव्हापासूनच मोटारीची प्रकृती ढासळली होती. सासरची गाडी न्यायला येऊन दोनदा रिकामी परत गेली. एकदा मी आतोबांना बसवलेला प्लग गुपचूप सैल करताना पाहिलं. मला पाहून म्हणाले, "श्वास मोकळा करून राहिलो." एकुलती एक पोर धाडणं त्यांच्या जिवावर आलं होतं, दुसरं काही नव्हतं. आत्याला ते कळत होतं, म्हणून ती जास्तच ओरडायची.

दसऱ्यानंतर व्याही स्वतः गाडी जुंपून आले. पाणी घ्यायच्या आधीच म्हणाले, "लेकरू तुमचं, पर सून आमची हाय. आज न्हाई धाडली तर आमी पोराची दुसरी सोयरीक बघतो. मंग बोल लावू नका." आत्या पोरीचं बोचकं बांधायला आत वळली. आतोबा घाईनं गोठ्यात गेले, हँडल मारलं, परत मारलं. मोटार ढिम्म. बॉनेट उघडलं तर उंदरांनी तुपासकट तार कुरतडून ठेवलेली! आतोबा तिथेच शेणात बसले.

"इतके दिस मी म्हणायचो आजारी हाय," ते मला हळूच म्हणाले, "आज ती खरंच आजारी पडली रे." खऱ्या दुखण्यावर त्यांना एकही औषध ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात गोदा आली. लग्नातलं लुगडं खोचून वाकली, तारेची दोन्ही टोकं सोलून एकमेकांत पिळली, वर मेण लावलेली चिंधी घट्ट गुंडाळली. मग एकेक प्लग बोटांनी चाचपला आणि सैल होता तो आवळला. "बाबा, मारा हँडल."

पहिल्याच हिसक्याला मोटार सुरू झाली. कपिला दचकून उभी राहिली. आतोबा लेकीकडे बघतच राहिले. ती मान खाली घालून म्हणाली, "बाबा, मला जायचंय वो."

"व्हय," आतोबा म्हणाले. "बराबर हाय." आणि धोतराच्या सोग्यानं पुढची काच पुसू लागले. काच आधीच स्वच्छ होती.

त्या दिवशी आम्ही इतके सावकाश गेलो, की पोचलो तेव्हा व्याह्यांचे बैल वैरण खाऊन रवंथ करत होते. वाटेत दर झाडाखाली आतोबा थांबत, कान देत, आणि शेजारी बसलेली गोदा सांगे, "चांगली हाय ती, बाबा. चला."

त्यानंतर मोटार कधी बिघडली नाही. मी परत निघालो त्या आठवड्यात आतोबा दुपारी चाकापुढे नुसतेच बसून असत. कुठे निघालात विचारलं तर नुसतं हसत. एके दुपारी आत्या चहा घेऊन गोठ्यात आली. तिनं कप त्यांच्या हातात दिला आणि मोटारीला टेकून उभी राहिली.

"अवं, काहून असे गुमान बसून राहिले?" ती म्हणाली. "कायतरी बिघाड काढा की हिच्यात. दुरुस्तीला पोरीला बोलावून घेऊ."